निळ्या पेटीचं झाकण

मित्रांनो, मी पेटी आहे. दागिन्यांची नाही, कपड्यांची नाही आणि संत्र्यांची तर मुळीच नाही. मी लसीची पेटी आहे, आता जुनी झालेली. सौसर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या कोठीत, चुन्याच्या पोत्यांमागे माझा मुक्काम असतो. माझा निळा रंग धुळीनं राखाडी झालाय, झाकणाचा आकडा तुटलाय आणि झाकण नेहमी थोडं उघडंच राहतं. कोठीचं दार वाजलं की मला वाटतं, कोणीतरी आपल्याला न्यायला आलं. येणारा माणूस फिनाईलचा डबा उचलतो आणि निघून जातो. इतके दिवस झाले, तरी ही खोटी आशा काही जात नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून जाड प्लॅस्टिक, आत थर्माकोल आणि वर घट्ट बसणारं पांढरं झाकण. ऊन बाहेर ठेवायचं आणि थंडी आत ठेवायची, एवढंच मला शिकवलेलं. शहाऐंशी साली मी रेल्वेनं पांढुर्ण्याला उतरले. फलाटावर संत्र्यांच्या पेट्यांची थप्पी लागलेली होती आणि तिला लागूनच मला ठेवलं. एका हमालानं मला सहज एका हातानं उचललं आणि म्हणाला, "हे तं रिकामीच हाय बे!" मला फार राग आला. संत्र्यांच्या पेट्यांना जपून उचला, आपटू नका, असं सगळे ओरडत होते. माझ्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.

दवाखान्यात मी सुशीलाबाईंच्या हाती पडले. सुशीलाबाई म्हणजे तिथल्या नर्सबाई. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. माहेर पांढुर्ण्याचं. नोकरीसाठी दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्याच राहायच्या. लसीकरणाच्या दिवशी सकाळी त्या फ्रीजमधून गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या काढत, माझ्या चारही भिंतींना लावत, मधोमध लसीच्या शिश्या ठेवत आणि झाकण दाबून म्हणत, "चल गं." एवढं त्या माझ्याशी बोलत. मला तेवढं पुरत होतं, असं मी स्वतःला सांगत असे.

खरं सांगायचं, तर माझं काम फार एकटं होतं. बंद राहणं हेच माझं काम. गावात पाहुणा आला की पोरं धावत येतात. मी आले की धावत जातात. कोणी गोठ्यात लपे, कोणी कापसाच्या ढिगात शिरे. आया मला दाखवून मुलांना भीती घालत, "जेव मुकाट्यानं, नाईतर निळी पेटी येऊन राहिली पाह्य!" माझ्या पोटात सुई नव्हती, सुया सुशीलाबाईंच्या डब्यात असत. पण बदनाम मी झाले.

टेकडीपलीकडे बोरडोह नावाचं गाव होतं. तिथले लोक तर लसीचं नावच काढू देत नसत. "सुईनं ताप येते," एवढं म्हणून दार लावून घेत. सुशीलाबाई बौद्धाच्या आहेत हेही गावाला ठाऊक होतं. कोणी वाईट बोलत नसे, पण घरात या, असंही कोणी म्हणत नसे. त्या पिंपळाच्या पारावर बसत, आपल्या बाटलीतलं पाणी पीत आणि वाट पाहत. त्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. दोघीही न उघडलेल्याच परत येत होतो.

त्या गावात माझ्यापासून न पळणारी एकच मुलगी होती. मंगला तिचं नाव. वय असेल पाच-सहा. ती पळत नसे, कारण तिला पळता येत नव्हतं. लहानपणी ताप आला आणि उतरताना तिच्या डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पोलिओ म्हणतात त्याला. घरच्यांनी अंगारे लावले, तेलं चोळली, पण पाय वाळतच गेला. ती बुड घासत पारापर्यंत येई आणि मला टेकून बसे. एकदा तिनं माझ्या झाकणावर गाल ठेवून विचारलं, "तुले ठंडी नाई लागत का वो?" आजवर मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. उत्तर देता आलं असतं, तर मी म्हटलं असतं, लागते बाई, पण तू बसलीस की कमी लागते.

मंगलाची आजी अंबाबाई. घरची संत्र्याची बाग, चार लोकांत शब्दाला वजन. त्या हिवाळ्यात तिच्या सुनेला, जयवंताला, मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं गुलाब. बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं आणि अंबाबाई स्वतः पारावर आली. मंगलाकडे पाहून म्हणाली, "बाई, हिच्यासारखं याचं नाई ना होनार?"

"थेंब दिले तर जपता येईल, आजी. पण एकदा देऊन भागत नाही, तीनदा द्यावे लागतात," सुशीलाबाई म्हणाल्या.

"मंग देऊ. माया नातवाले देऊ अन् साऱ्या गावाले देऊ."

अंबाबाईच्या शब्दानं गाव हललं. पुढच्या खेपेला बायका कापूस वेचणी सोडून, लेकरं कडेवर घेऊन तिच्या ओसरीवर जमल्या. इतक्या आया मी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. मला ओसरीच्या मधोमध ठेवलं होतं. मला तर वाटलं, आता माझे दिवस पालटले.

तेवढ्यात अंबाबाई म्हणाली, "बाई, सकाळपासून चालून आल्या तुमी. आधी भाकर खाऊन घ्या. या, घरात या."

सुशीलाबाई जागच्या जागी थांबल्या. "घरात?"

"मंग काय बाहेर वाढू? या."

त्या गावात त्यांना घरात बोलावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, झाकण दाबून बघितलं आणि आत गेल्या. मला त्यांचा आनंद कळत होता. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदाच एकटी सोडून गेल्या, याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

जयवंता वाढत होती. अंबाबाई बाहेर आली, माझ्याजवळ बसली आणि तिनं झाकण उघडलं. हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

"बापा बापा! इतकी ठंडी दवाई लेकराच्या पोटात? आधीच त्याले सर्दी हाय. छाती भरन ना त्याची!"

मित्रांनो, तिकडे हिवाळ्यात बाळाला गार काही लावत नाहीत. पाणी कोमट, तेल कोमट, दुपटंसुद्धा चुलीपाशी शेकून मगच पांघरतात. पाहुणीलाही जेवणावरून उठवायला नको आणि नातवाचीही छाती भरायला नको, असा तिनं विचार केला. तोंडाची शिशी कोणती आणि सुईची कोणती, हे तिला काय कळणार! तिनं सगळ्याच उचलल्या, गंजात, म्हणजे पातेल्यात, गरम पाणी घेतलं आणि शिश्या त्यात बुडवून चुलीच्या कडेला ठेवल्या. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठं होतं? झाकण उघडं टाकून ती गेली आणि माझी राखलेली थंडी ओसरीवर सांडत राहिली. बायका गप्पा मारत होत्या. इतक्या माणसांत मी इतकी एकटी कधीच नव्हते.

मंगलानं सगळं पाहिलं होतं. सुशीलाबाई हात धुवून आल्या, तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, "नर्सबाई, आजीनं शिश्या गरम पान्यात ठेवल्या. ठंडी मोडाले."

अंबाबाई पदरानं शिश्या पुसत पुसत आली. "घ्या बाई, आता द्या. आता नाई बाधत लेकराले."

शिश्या दिसायला जशाच्या तशा होत्या. तोच रंग, तेच बूच. सुशीलाबाईंनी त्या हातात घेतल्या, त्या चांगल्याच कोमट लागत होत्या. समोर सगळं गाव बसलेलं. इतक्या खेपांनंतर उघडलेलं पहिलं दार. पहिल्यांदा वाढलेली भाकर.

मग सुशीलाबाई हळू म्हणाल्या, "आजी, ही दवा आता कामाची नाही राहिली. हिचा जीव थंडीत असते. गरम झाली का संपली."

शेजारचा चिंधू ओसरीखाली उभा होता. तो तडकला. "दिसते तं तशीच! देऊन टाका ना. येवढ्या बाया वेचनी सोडून बसून राहिल्या."

"देता येते, चिंधूभाऊ. कोणाले कळणार पण नाही. तुम्ही समजाल लेकरू जपलं, अन् ते जपलेलं नसन. मग मंगलासारखं अजून एखाद्याचं झालं तर?"

एकेक बाई उठली. "फुकट दिवस गेला वो," असं म्हणत ओसरी रिकामी झाली. अंबाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर गुलाब आणि पायाशी मंगला.

"माया हातानं झालं बाई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"मायेनं झालं आजी. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मीच आधी सांगायला पाहिजे होतं." सुशीलाबाईंनी झाकण लावलं. "उद्या नवी दवा घेऊन येतो मी."

अंबाबाईनं डोळे पुसले आणि चुंबळ मागवली. "गाड्या तं साऱ्या संत्रं घेऊन पांढुर्ण्याले गेल्या. चाला, मी येतो संगं. पेटी माया डोक्यावर द्या."

आणि मित्रांनो, ज्या मला पाहून बोरडोहची पोरं पळत, ती मी बोरडोहच्या अंबाबाईच्या डोक्यावरून निघाले. टेकडी चढताना तिला धाप लागत होती, पण तिनं मला खाली ठेवलं नाही. मुक्कामाला ती सुशीलाबाईंच्या क्वार्टरमध्ये राहिली. भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिनं थोडा वेळ पाहिली. मग म्हणाली, "बाई, दुपारी तुमी माया घरी खाल्लं. आता मले वाढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भरून निघाले. ओसरीवर पोचलो, तर फक्त जयवंता, बाळ आणि मंगला. बाकीचं गाव वेचणीला गेलेलं. सुशीलाबाई पायरीवर मटकन बसल्या. अंबाबाई मात्र मला डोक्यावरून न उतरवताच वळली आणि जयवंताला म्हणाली, "लेकरू घे, मंगलाले पाठीवर घे. त्या येत नाईत तं आपन जाऊ."

वावराच्या बांधावरून तिनं हाक दिली, "काल माया हातानं मेली दवाई. आज जिती आनली हाय. या वो मायांनो, मायावरचा राग लेकरावर नका काढू!"

बायका ओटीतला कापूस सांभाळत हळूहळू आल्या. मला कापसाच्या ढिगावर सावलीत ठेवलं. अंबाबाई माझ्या झाकणावर हात ठेवून बसली. शिशी काढायला सुशीलाबाईंनी झाकण उचललं की लगेच म्हणे, "लावा, लावा, ठंडी जाईन!" पहिले थेंब गुलाबला मिळाले. त्यानं तोंड वाकडं केलं, मग मिटक्या मारल्या. सगळ्या हसल्या. चिंधूसुद्धा आपली नात घेऊन आला.

शेवटी मंगलानं आ केला. "मले?"

सुशीलाबाईंनी तिच्या वाळलेल्या पायावरून हात फिरवला. "तुला उशीर झाला, माय," एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून सुया आवरू लागल्या. मंगलानं दोन्ही हातांनी माझं झाकण दाबून बंद केलं.

पुढं बोरडोहला मी पुष्कळदा गेले. मग सुशीलाबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी मला धुवून, पुसून, उन्हात वाळवून ठेवलं. नव्या माणसांनी कधी माझ्यात डबे ठेवले, कधी माझ्यावर उभं राहून बल्ब बदलला. आकडा तुटला, थंडी टिकेना. नवी पेटी आली आणि मी कोठीत गेले. याबद्दल माझी तक्रार नाही. गळकी पेटी लसीला चालतच नाही. फक्त, इथं कोणी बोलत नाही.

परवा कोठीचं दार वाजलं. मला वाटलं, फिनाईल. पण फरशीवर काठीचा आवाज आला आणि एक पाय ओढत मंगला आत आली. मोठी झाली होती. बाहेर अंबाबाईचा आवाज येत होता, ती कोणाच्या तरी गरोदर सुनेला लस टोचून घ्यायला घेऊन आली होती. मंगलानं पोत्यांमागे पाहिलं. मी दिसले. ती माझ्यापाशी बसली, ओढणीनं धूळ पुसली आणि माझं अर्धवट उघडं झाकण पाहून चुकचुकली.

"ठंडी जाईन ना सारी," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी दाबून तिनं ते बंद केलं.

आत थंडी नव्हतीच, मित्रांनो. आत काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून मला मी रिकामी वाटत नाही.

आता तुमच्या गावात माझी धाकटी बहीण येईल. तिचं झाकण उगाच उघडू नका, तिला उन्हात ठेवू नका आणि तिच्यातलं काही मायेनंसुद्धा गरम करू नका. आणि तिला पाहून पळू नका. पळायचंच असेल तर लस घेऊन झाल्यावर पळा, अगदी टेकडीपर्यंत पळा. तुम्हाला पळता यावं, एवढ्यासाठीच ती आलेली असते.