शुभ्रकण प्रकाशनाचा नफा

सप्टेंबर लागला की परशुरामशेठांच्या घरात सगळ्यांनी हळू बोलायचं, असा दंडकच होता. घरात आजारी कुणी नसायचं. कंपनीचा वार्षिक अहवाल तयार होत असायचा.

कंपनी म्हणजे शुभ्रकण प्रकाशन प्रायव्हेट लिमिटेड, भाईंदर. तीन पिढ्या मीठ पिकवण्यात गेल्या, पण सदुसष्ट साल सरता सरता परशुरामशेठांना अचानक साहित्याची बाधा झाली. वकील म्हणाले, कंपनी काढायची तर निदान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. परशुरामशेठांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. अशा रीतीने इंदुबाई, हातातली खोबरं खवण्याची विळी खाली न ठेवताच, कंपनीच्या संचालक झाल्या.

तेव्हापासून दरवर्षी त्यांना वार्षिक सभेची नोटीस रजिस्टर टपालाने यायची. नवरा ती पोस्टात नेऊन टाकायचा, पोस्टमन तीच परत घरी आणायचा, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या इंदुबाई पिठाच्या हातानं सही करून घ्यायच्या. आत लिहिलेलं असायचं, 'सन्माननीय भागधारक, आपण अगत्य येण्याचे करावे.' कुठे यायचं? तर माजघरात.

"अप्पा, त्यापेक्षा हाक मारा ना," त्यांची लेक सुलू एकदा वडिलांना म्हणाली होती.

"हाकेला कायद्यात स्थान नाही," अप्पा म्हणाले.

सुलू दहावीत. यंदा शाळेच्या निबंधस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, आणि त्या दिवसापासून ती पाणी जरी मागायची तरी भाषण केल्यासारखं मागायची. लेक अशी पल्लेदार झाली आणि अप्पांनी ती फुकट जाऊ द्यायची? एकाहत्तर सालचा संचालकांचा अहवाल लिहायचं काम त्यांनी तिच्यावरच सोपवलं.

"ठसठशीत लिही. नुसतं 'कळविण्यास आनंद वाटतो' असं मिळमिळीत नको. बँकेचा मॅनेजर वाचणार आहे तो."

"बँकेचा? कशाला?"

अप्पांनी आवाज खाली आणला. 'खाडीलहरी' या त्यांच्या स्वतःच्या खंडकाव्याची दुसरी आवृत्ती काढायची होती. पाच हजार प्रती, कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. पंधरा हजारांचं कर्ज लागणार होतं आणि तारण म्हणून मुर्ध्याचं आगर द्यायचं ठरलं होतं. हे मिठागर इंदुबाईंचं. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावावर केलेलं. घराण्याची बाकीची आगरं एकेक करून गेली होती. हे एवढंच अजून मीठ देत होतं आणि घरातला भात त्याच्यावर शिजत होता. मॅनेजरने अट घातली होती : आधी कंपनी नफ्यात असल्याचा सह्यांनिशी ताळेबंद दाखवा, मग पुढचं बोलू.

"आणि आहे का आपण नफ्यात?"

"तीन हजार नऊशे सत्तेचाळीस रुपये!" अप्पा म्हणाले. "शनिवारी सभा, सोमवारी बँक."

सुलू हिशेबाचे कागद घेऊन बसली. बुद्धी तल्लख, शंकांना तोटा नाही. पहिल्या आवृत्तीच्या 'खाडीलहरी'च्या यंदा पंधराशे प्रती छापल्या होत्या. विकल्या किती? अकरा. मग नफा कुठून आला? तिने बोट ठेवत ठेवत पाहिलं तेव्हा उलगडा झाला. न विकलेलं पुस्तक हिशेबात पूर्ण तीन रुपयांना धरलेलं होतं. विकलेलं मात्र दोनलाच, कारण एक रुपया दुकानदाराचं कमिशन. म्हणजे पुस्तक खपलं की कंपनीला रुपयाचा फटका, आणि पडून राहिलं की भरभराट! या रीतीने चाललं असतं तर एकही प्रत न विकता शुभ्रकण प्रकाशन हे देशातलं सगळ्यात श्रीमंत प्रकाशन झालं असतं.

"अप्पा, हे बरोबर आहे का?"

"ऑडिटरांनी पाहिलंय ते."

ऑडिटरसाहेब दादरहून वर्षातून एकदा यायचे. जिताड्याचं कालवण जेवायचे, गोदाम कुठल्या दिशेला आहे ते खिडकीतून विचारून घ्यायचे, आणि सही करायचे.

सुलूला अहवालात ग्रंथभांडाराचं वर्णन घालायचं होतं. न पाहता वर्णन करणं तिच्यातल्या लेखिकेला मानवेना. म्हणून शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या ती खाडीकडेच्या जुन्या मीठगोदामाशी गेली. पुस्तकं तिथेच होती. अप्पांचं म्हणणं, एवढं थोरलं गोदाम मोकळं असताना भाड्याची खोली कशाला?

गोदामाची राखण धाकू मुकादमाकडे. त्याची हयात मिठाच्या राशी मोजण्यात गेलेली. रास घातली की काठीने उंची-घेर मापायचा, अंदाजाने मण सांगायचे, वर पेंढा शाकारायचा आणि पायथ्याशी ओल्या मातीची पट्टी ओढून तिच्यावर लाकडी छाप उठवायचा. छाप मोडला तर चोरी झाली. छाप शाबूत तर रास शाबूत. खरेदीदार येईपर्यंत राशीला हात लावायचा नाही.

धाकूने पुस्तकांनाही तोच न्याय लावला होता. चार वर्षांच्या चार राशी, वर ताडपत्री आणि पेंढा, पायथ्याशी मातीची पट्टी, पट्टीवर छाप. काठीने मापून त्याने सांगितलं होतं, सगळ्या मिळून एकेचाळीसशे. तोच आकडा अप्पांनी वहीत उतरवला, आणि वहीतून तो ऑडिटरांनी उचलला.

"धाकूकाका, एक रास उघडा ना. मला बघायचंय."

"न्हाय गो बाय! छाप मोरंल ना!"

"पण आत पुस्तकं कशी आहेत ते तुम्ही पाहिलंत का कधी?"

"बगायचा काय त्यान? छाप शाबूत हाय. चार वरसान येक चोर आला न्हाय," धाकू छाती पुढे काढून म्हणाला.

चोर वाचनाच्या बाबतीत भाईंदरकरांपेक्षा वेगळे नव्हते, एवढंच त्यावरून सिद्ध होत होतं.

धाकू बिडी शिलगावायला दाराशी वळला तशी सुलूने मागच्या बाजूने ताडपत्रीखाली हात घातला. हाताला गार, चिकट काहीतरी लागलं. जोर लावून तिने ओढलं तर पुस्तक नाही, वीट निघाली. सहा-सात पुस्तकांचा मिळून एक गठ्ठा झाला होता, कडेला पांढरी मिठाची किनार, आणि वास थेट सुकटीचा. मिठाने मुरलेल्या त्या जमिनीने चार पावसाळे ओल शोषली होती आणि ती सगळीच्या सगळी साहित्याला पाजली होती. वरच्या पुस्तकाचं नाव कसंबसं लागत होतं : 'आदर्श भाषणे, स्वागतापासून श्रद्धांजलीपर्यंत'. शेवटच्या टप्प्याला ते स्वतःच पोचलं होतं.

ती वीट दप्तरात कोंबून सुलू धावत घरी आली.

"अप्पा, राशी कुजल्यात!"

अप्पांनी विटेकडे एकदा पाहिलं आणि नजर वर पंख्याकडे नेली. "ही एखादी असेल. कडेची."

"एखादी नाही. माझा हात कोपरापर्यंत गेला होता आत!"

"सुलू, तुला अहवाल लिहायला सांगितलाय. गोदाम लिहायला नाही." मग आवाज एकदम मऊ झाला. "बाळा, दुसरी आवृत्ती निघाली की सगळं भरून निघेल. तोवर हे आईच्या कानावर घालू नकोस. तिला उगाच घोर."

अप्पा वाईट नव्हते. रात्री जेवल्यावर 'खाडीलहरी'तली कडवी म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि ऐकणाऱ्यांचेही भरायचे. निरनिराळ्या कारणांनी का असेना. पण आगर आईचं होतं. आणि उद्या सही आईची होणार होती, न वाचता, दर वर्षीसारखी.

तिने अहवाल लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला.

शनिवारी अकरा वाजता सभेची वेळ. माजघरात सतरंजी घातली. ऑडिटरसाहेब लोडाला टेकले, अप्पा अध्यक्षस्थानी म्हणजे कपाटाला टेकून बसले. माहितगार म्हणून धाकू मुकादम उंबऱ्याशी.

"गणसंख्या?" ऑडिटरसाहेबांनी विचारलं. "दोन भागधारक हजर पाहिजेत."

"अगं ए, गणसंख्या!" अप्पांनी आत हाक मारली.

"जिताड्याच्या तुकड्या तव्यावर आहेत! थांबा म्हणावं कायद्याला!"

कायदा सात मिनिटं थांबला. मग इंदुबाई पदराला हात पुसत आल्या आणि सभा कायदेशीर झाली.

"सही कुठे करू?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"आधी अहवाल वाचू दे पोरीला. तिने लिहिलाय," अप्पा कौतुकाने म्हणाले.

सुलू उभी राहिली. तिने कागद वर धरला.

"सन्माननीय भागधारकहो! कंपनीच्या चौथ्या वर्षाचा अहवाल सादर करताना संचालकांना आनंद व्हावा अशी त्यांची फार इच्छा होती. सालात कंपनीने पंधराशे ग्रंथ छापले व त्यांपैकी अकरा विकण्याची चूक केली. उरलेल्यांवर भरघोस नफा झाला. कंपनीचे ग्रंथभांडार मीठगोदामात असून तेथील छाप शाबूत आहेत. ग्रंथ शाबूत नाहीत. ते एकमेकांना इतके चिकटले आहेत की कोणत्याही वाचकाला ते आता वेगळे करता येणार नाहीत. याच भांडाराच्या जोरावर मुर्ध्याचे आगर गहाण टाकण्याचा संचालकांचा मानस आहे."

ऑडिटरसाहेब लोडावरून उठून ताठ बसले.

"हे कुणी लिहिलं?" अप्पा कसेबसे म्हणाले.

"संचालकांनी," सुलू म्हणाली, आणि दप्तरातून वीट काढून तिने सतरंजीच्या मधोमध ठेवली.

ऑडिटरसाहेबांनी रुमाल नाकाला लावला. इंदुबाईंनी वीट उचलली, हुंगली, अंगठ्याने कडेचं मीठ खरवडून जिभेवर ठेवलं. मिठागराचीच लेक ती. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"धाकूभावजी, घट किती धरली?"

"घट?" धाकू गोंधळला.

"मिठाची रास पावसाळाभर राहिली तर तुम्ही घट धरता की नाही? शंभर मणांत किती?"

"धा धरतो. पानी जास्ती तं पंधरा."

"दगडासारखं मीठ, त्याला पंधरा. आणि कागदाला चार पावसाळ्यांत?"

धाकूने डोकं खाजवलं. "बुकांना कोन घट धरतं वैनी? ती शिकलेली मानसांची, मना वाटला ती घटत नसतीन."

"आणि तुम्हाला काय वाटलं?" इंदुबाईंनी ऑडिटरसाहेबांना विचारलं.

साहेब खाकरले. "बाई, मालाच्या संख्येबाबत आम्ही व्यवस्थापनाच्या लेखी दाखल्यावर विसंबतो."

"म्हणजे कुणावर?"

"म्हणजे... संचालकांवर. यांच्यावर आणि तुमच्यावर."

"माझ्यावर! मला कुणी विचारलं कधी?"

"तुमची सही आहे, तीन वर्षं."

सुलूला वाटलं, आता आई रडणार. पण त्यांनी पदर खोचला. "उठा सगळे. राशी उघडायच्या. मी पण संचालक आहे ना? माझा हुकूम आहे."

धाकूने चारी छाप स्वतःच्या पायाने मोडले. मोडताना तो तोंड फिरवून उभा होता. दुपारी तीनपर्यंत ऑडिटरसाहेब आयुष्यात पहिल्यांदा माल मोजत होते, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून. वाचता येण्याजोगी पुस्तकं निघाली दोनशे साठ. सातशे ऐंशी रुपयांची, तीही छापील किमतीनं. वहीतल्या बारा हजार तीनशेच्या जागी.

घरी येऊन ऑडिटरसाहेबांनी तिथल्या तिथे नवा ताळेबंद केला. नफ्याची ओळ गेली. तिच्या जागी आली : तोटा, रुपये सात हजार पाचशे त्र्याहत्तर. खाली त्यांनी 'हवामानजन्य असाधारण घट' असा शेरा लिहिला, म्हणजे मागच्या तीन वर्षांचा ठपका एकट्या हवामानावर गेला.

"हा कागद बँकेत दाखवला तर..." अप्पा पुटपुटले.

"चहासुद्धा विचारणार नाहीत," साहेब म्हणाले. "करा सही."

अप्पांची सही एरवी अर्धं पान व्यापायची. आज ती मुंगीएवढी झाली. मग कागद इंदुबाईंपुढे आला. त्यांनी लेखणी घेतली, आणि ठेवली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. सावकाश, अक्षर अक्षर लावत. अडलं की सुलूला विचारायच्या, "हे काय गं, 'देयता'?" सुलू सांगायची. पाऊण तास गेला. ऑडिटरसाहेबांची एक गाडी गेली, दुसरीही गेली.

"अगं, उरक ना," अप्पा म्हणाले.

"थांबा हो. तीन वर्षांचं वाचायचं राहिलंय माझं."

शेवटच्या ओळीखाली त्यांनी सही केली. कागद सुलूच्या हातात दिला आणि आगराचे दस्त नवऱ्याच्या फायलीतून काढून आपल्या मांडीखाली घेतले.

अप्पा बराच वेळ सतरंजीचे धागे उपटत राहिले. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग 'खाडीलहरी'चं काय करायचं?"

"छापा की. मी कुठे नको म्हणते?" इंदुबाई उठता उठता म्हणाल्या. "यंदाचं मीठ विकलं की तुम्हाला दोनशे रुपये देईन. त्यात बसतील तेवढ्याच छापा. आणि त्या विकून दाखवल्यात तर पुढच्या वर्षी पुन्हा देईन."

"विकून?" अप्पांनी दचकून विचारलं.