बाठेवरची पारख

सज्जनबाईच्या दुकानात खोटा माल मिळतो असं भर बाजारात कुणी म्हणावं, आणि तिनं आत पापड लाटत बसावं? छे! बाई आळे गावची लेक होती, ऐकून घेणारी नव्हे.

सन एकोणीसशे सव्वीसचा उन्हाळा, लोणच्याचे दिवस. घोडेगावचा बाजार ऐन भरात होता. अवसरीची तुकाबाई, मेंढरंवाल्या बहिरूची बायको, विळी घेऊन दुकानापुढं उभी राहिली आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला.

"शेट, मुंबईची इळी म्हून दिली. गंजत न्हाई म्हनालासा. खरंय, गंजली न्हाई. पर कैरीची बाठ लागली आन् पातं मेणावानी वळलं! आमी जुनं गिऱ्हाईक. मलाच फसवायचं व्हतं व्हय?"

सज्जनबाईचा नवरा रिखबचंद गादीवर बसल्या जागी घामाघूम झाला. न गंजणाऱ्या पोलादाच्या विळ्या गावात पहिल्यांदा त्यानंच आणल्या होत्या. त्यात समोरचा दुकानदार फतेचंद पायरीवर येऊन मिशीला पीळ देत ऐकत होता. तीन पिढ्यांची पत अशी रस्त्यावर आली म्हणजे काय करायचं माणसानं?

सज्जनबाई पदर खोचून बाहेर आली. घरच्या बायका कधी दुकानात येत नसत, पण आज तिला कोण अडवणार! तिनं तुकाबाईची विळी घेतली, फळीवरची दुसरी तशीच काढली आणि दोन्ही तराजूत टाकल्या. तुकाबाईचं पारडं खाली गेलं.

"ही विळी हिला कुणी निवडून दिली?"

"मीच," रिखबचंद म्हणाला. "घरचं गिऱ्हाईक म्हणून पेटीतली जडातली जड काढून दिली."

एवढ्या संतापातही तिला हसू फुटलं. जन्मभर सोनं-चांदी नि पितळ जोखलेला माणूस. जड ते अस्सल, हेच त्याला ठाऊक!

"अहो, पोलाद हलकं असतं. हे जर्मन सिल्व्हर आहे. तांबं, जस्त आणि आण्याच्या नाण्यात घालतात ते निकेल. माझ्या माहेरी याची ताटं आहेत. दिसायला चांदी, पण ताक राहिलं की हिरवी पडतात. मुंबईवाल्यानं पेटीत भेसळ केली, आणि तुम्ही वेचून वेचून तीच चांगल्या गिऱ्हाइकांना दिलीत!"

"हळू बोल ना. हिला गुपचूप बदलून देऊ. फतेचंद ऐकतोय."

"ऐकू दे! चोरी केलीय का आपण?"

तिनं बाठ धरलेल्या कैऱ्यांची पाटी मागवली आणि पायरीवरच बसली. आधी घरची जुनी लोखंडी विळी घेतली. बाठ कापली, पण फोडीची कड बघता बघता काळी पडली. मग तुकाबाईची घेतली. फोड पांढरीशुभ्र निघाली, बाठेवर मात्र धार दुमडली. शेवटी हलकी घेतली. कट्‌! बाठ दुभंगली, फोडीला डाग नाही, पात्याला ओरखडा नाही.

"आता सगळी पेटी आणा," ती म्हणाली.

एकेका विळीवर कैरी फुटत गेली. धार दुमडली की ती विळी झणकन रस्त्यावर पडायची आणि रिखबचंदच्या काळजात कळ यायची. रस्त्यावरचा ढीग वाढत चालला, पायरीवर टिकलेल्या थोड्याच राहिल्या.

"हा माल मुंबईला परत जाईल," सज्जनबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नाही घेतला तर विहिरीत टाकू. पण या पायरीवरून खाली विकला जाणार नाही. ज्यांनी ज्यांनी आधी नेल्या, त्यांनी घेऊन या. बदलून देऊ."

मग तुकाबाई पुढं आली.

"शेटानी, फळीवरची नगं. तुमच्या हातात हाये ती द्या. डोळ्यांदेखत कापलीया."

ते ऐकून बाया पुढं सरकल्या. प्रत्येकीला आपल्या विळीवर आधी कैरी फुटलेली बघायची होती. मागून फतेचंदचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "वहिनी, आमच्या मंडळींना, सूरजबाईला, पण एक ठेवा. कापून दाखवलेली."

सज्जनबाईची छाती अभिमानानं भरून आली. तिनं वळून पाहिलं, तर गादी रिकामी. रिखबचंद खाली उतरून पाटीतली टणकातली टणक कैरी निवडत होता. ती तिच्या हातात देत तो म्हणाला, "पायरीवर उन्हात काय बसलीस? वर ये, गादीवर बस. कैऱ्या मी देतो."