डब्यावरचे सात लाल ठिपके

बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या बाईने मुलीचा डबा मुख्याध्यापिकेच्या टेबलावर आपटला. पाहुण्यांसाठी ठेवलेली लिमलेटच्या गोळ्यांची बरणी खडखडली. डब्याच्या झाकणावर सात लाल ठिपके चिकटवलेले होते.

"गोवर उठल्यासारखा दिसतोय डबा. हा काय प्रकार आहे?"

"नियम आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चांगल्या खाण्याला हिरवा, अपायकारक खाण्याला लाल. लहान मुलांनाही कळतं. तुम्हालाच कसं कळत नाही? रोज बिस्किटं! आई होणं म्हणजे डब्यात बिस्किटं कोंबणं नव्हे."

"सहाच्या पाळीला उभ्या राहा, मग शिकवा मला आईपण. पोरीला सगळा वर्ग 'लाल ठिपकी' म्हणतो. चार दिवस डबा तसाच घरी येतोय. काल कवायतीत चक्कर येऊन पडली. दाखला द्या तिचा, मला ही शाळाच नको."

"घेऊन जा. बिस्किटं काही शाळेने दिली नव्हती."

तेवढ्यात, डबा न आणणाऱ्या मुलांसाठी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आचारीणबाई दारात आल्या. मुलं त्यांना पळीमावशी म्हणत. त्यांच्या पदराआड ती आठ वर्षांची मुलगी होती.

"भांड्यांच्या कपाटामागे लपली होती," मावशी म्हणाल्या. "डबा का उघडत नाहीस, ते सांग बाळ."

मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "उघडला नाही की ठिपका लागत नाही."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला.

"ठिपक्यांची कल्पना चांगली आहे, बाई," मावशी म्हणाल्या. "पण सिग्नलचा लाल दिवा रस्त्यावर असतो म्हणून गाडी थांबते. तो कुणी ड्रायव्हरच्या कपाळावर बांधत नाही. डबा काय हिने भरला होता?"

"बघा, मी तेच सांगत होते," आई म्हणाली.

"तू थांब, तुझीही पाळी आहे. त्या बिस्किटात साखर किती, ते कधी वाचलंस?"

"कुठे वाचू? पुडा विकायला जातो. आम्हाला तुटकी बिस्किटं पिशवीत भरून फुकट देतात. पिशवीवर काय लिहिलेलं असतं, डोंबल?"

"म्हणजे बिस्किटावर काहीच खूण नाही आणि सगळ्या खुणा लेकरावर! दोघी शहाण्या, आणि उपाशी कोण राहिलं?"

मग मुख्याध्यापिका नखाने झाकणावरचे ठिपके खरवडू लागल्या. कागद निघाला, डिंक तसाच राहिला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आजपासून ठिपके वाढायच्या भांड्यांवर लावायचे. मुलं बघतील आणि निवडतील. डब्यांना हात लावायचा नाही. पण बिस्किटं रोज नकोत."

"नाही देणार. तुम्ही सांगता म्हणून नाही, हिच्यासाठी." आईचा आवाज अजून खालीच आला नव्हता. "पण पहाटे करू काय?"

"अंडी उकडत ठेव. हिची वेणी घालून होईपर्यंत होतात. सोबत एक केळं दे," मावशी म्हणाल्या. "आणि घरच्या बिस्किटांच्या डब्याला लाल ठिपका लाव, म्हणजे तुझाही हात जरा थांबेल."

आईने दाखल्याचा विषय पुन्हा काढला नाही. मुख्याध्यापिकांनी ठिपक्यांचा कागद मुलीपुढे धरला. "पहिला ठिपका तू लाव."

मुलीने लाल ठिपका सोलला, इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरच्या गोळ्यांच्या बरणीवर चिकटवला. आई त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. मुख्याध्यापिकांनी बरणी उचलून कपाटात ठेवली.

मंडळी, बारीक अक्षरं मुलं वाचत नाहीत, आपणही वाचत नाही. रंगाची साधी खूण मात्र सगळ्यांना कळते. ती जरूर करा, शाळेत करा, घरातही करा. पण खूण अन्नावर करा, ते खाणाऱ्या लेकरावर नको. खुणेने वाट दाखवायची असते, बोट दाखवायचं नसतं.