पत्र्याखालचा उजेड

"डोळ्यावर विसंबू नकोस, पोरी. डोळा लबाड. अंधाराशी लगेच जुळवून घेतो. पात काय सांगते ते ऐक."

बाबांचा आवाज थोआच्या कानात अजून तसाच होता, हिवाळ्यातल्या खोकल्यासकट. तिने वाडग्यावर वाकून पात बोटांत धरली. लांब, लुळी, पिवळट. उजेडाच्या शोधात मान उंच करकरून थकलेली. जलपरी म्हणजे पाण्यात फुलणारी नर्गिस; तिच्या कोरलेल्या कंदाची पात हवी आखूड, गर्द, खेकड्याच्या नांगीसारखी वळलेली. आणि फूल उमलायला हवं नेमकं तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, आदल्या दिवशी, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर. तिने कंद पाण्यातून उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"आता पुरे कर हा हट्ट," दारातून लुआन म्हणाला. थोरला भाऊ, हनोईच्या जुन्या पेठेतल्या त्या लांबुळक्या घराच्या पुढच्या अंगाला त्याचं दुकान, मागच्या अंगाला हिची खोली. "मी फुलवाल्याकडे वाडगा सांगून ठेवलाय. देव्हाऱ्यावर तोच बसेल."

"बाबांच्या देव्हाऱ्यावर विकतचा वाडगा?"

"बाबा गेल्यापासून विकतचाच बसतोय की. आणि ह्या खोलीत फुलं यायची नाहीत, थोआ. बाबांनीसुद्धा हात टेकले असते."

"ते बाबा होते. मी मी आहे," ती म्हणाली आणि नवा कंद चाकूखाली घेतला.

दोन्ही अंगांच्या मधोमध आभाळाकडे उघडी चौकोनी विहीर होती, उजेडाची. बाबा गेले त्या वर्षी लुआनने गच्चीवर तिच्या तोंडाला प्लास्टिकचा पत्रा ठोकला. पाऊस आत येतो म्हणून. "पारदर्शक आहे, अंधार कुठे पडतोय?" असं तो म्हणाला होता. थोआने वर पाहिलं होतं. दिसत तर होतं सगळं. तिने मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी ती कंदांसाठी दिवा घेऊन आली. दुकानदार जांभळ्या उजेडाचा महागडा दिवा गळ्यात मारत होता. तिने साधा पांढरा घेतला. उजेड मोजायचं खरं यंत्र तिच्या ऐपतीबाहेरचं होतं. हाताशी होता फोन, आणि फोनला कळतो तो माणसाच्या डोळ्याला दिसतो तेवढाच उजेड. जांभळ्यापुढे तो गोंधळला असता.

गल्लीच्या तोंडाशी दाओताईचं गोगलगाईंच्या रश्शाचं दुकान. बाबा सकाळच्या उन्हाला कंद तिथेच आणून ठेवत. आता तिथे दुचाकींच्या रांगा होत्या, कंद ठेवायला वीतभर जागा नव्हती. थोआने फोनच्या वरच्या कडेला, उजेड ओळखणाऱ्या ठिपक्यावर, पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला. तिरपा येणारा उजेडही मोजला जावा म्हणून. बाबांच्या त्या जागी तिने फोन आडवा धरला.

"काय गं, सूर्याचा फोटो काढतेस?" दाओताईने पळी हलवत विचारलं.

"उजेड मोजतेय. पाच हजार. माझ्या दिव्याखाली एवढा आला पाहिजे."

दाओताईने हात पुसून स्वतःचा फोन पुढे केला. "माझा तर अकरा हजार म्हणतोय. बघ, फोनसुद्धा नवऱ्यांसारखे. एकाचं दुसऱ्याला पटेल तर शपथ!"

"मग खरं कोण बोलतंय?"

"मला काय विचारतेस? सूर्याला विचार."

थोआ हसली. पण ते तिच्या मनातून जाईना. भर दुपारच्या उघड्या उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो, एवढं ठाऊक होतं. आभाळ निवळेपर्यंत ती थांबली आणि एका दुपारी फोन घेऊन गच्चीवर चढली.

फोन सूर्यासमोर धरला. पन्नास हजार. म्हणजे कागद निम्मा उजेड खात होता. खोटं बोलत होता फोन, पण सरळ हिशेबाने; असल्या खोटारड्याशी व्यवहार करता येतो.

मग तिची नजर खाली गेली. गच्ची दुकानाच्या खोक्यांनी भरलेली. पत्र्यावरही खोकी, त्यांच्यावर धुळीचा थर, धुळीवर शेवाळ. कुठे एक चिमटीभर जागा उघडी राहिली होती, तीही काळवंडलेली. ती जिना उतरली, विहिरीच्या तळाशी गेली आणि त्याच दुपारी, त्याच कागदासकट फोन धरला.

शंभर.

तिने फोन पुसला. पुन्हा धरला. शंभर. दुप्पट केला तरी दोनशे. वर लाख, खाली दोनशे. आणि इतकी वर्षं ह्याच जागी बसून ती भाजी निवडत होती, कपडे शिवत होती, आणि दिसतंय की सगळं, असं म्हणत होती. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने वयाला दोष दिला होता.

दुकानाच्या दारातून लुआनची हाक आली, "काय मोजतेस गं एवढं?"

"उजेड."

"मग, आहे ना?"

तिने फोन खिशात टाकला. आधी फूल. फुलाशिवाय बोललं तर रडगाणं ठरलं असतं.

दिव्याशी तिची झटापट सुरू झाली. पहिल्यांदा फोन टेबलावर ठेवून मोजला, तर आकडा कमीच. मग लक्षात आलं, मोजायचं ते पातीच्या टोकाशी, पात जिथे उजेड पिते तिथे. दिवा दोन वितींवर आणला, मग दीड वितीवर. मधोमध पाच हजार भरले, पण कडेला निम्मेच. मग ती रोज सकाळी वाडगा पाव फेरी वळवू लागली, जात्यावर बसल्यासारखी, गुणगुणत. पात गर्द झाली. वळली. खेकड्याने नांगी उगारावी तशी.

तेतच्या आदल्या दुपारी देव्हाऱ्यासमोर पानात बांधलेला चिकट भात रचला होता, उदबत्तीचा धूर सरळ चढत होता. लुआनने आणलेला वाडगा मधोमध होता. त्याच्या पाती लांब, एका अंगाला कललेल्या, कळ्या मिटलेल्या. थोआने आपला वाडगा शेजारी टेकवला. सहा पाकळ्यांचं पांढरं फूल, मध्ये सोनेरी वाटी. एक उमललेलं, दुसरं उमलता उमलता. खोली वासाने भरली.

लुआनने वाकून वास घेतला. मग त्याने स्वतःच्या हाताने विकतचा वाडगा बाजूला सारला आणि हिचा मधोमध ठेवला. मान वळवून डोळे टिपले.

"बाबांचाच हात," तो म्हणाला. "मी हरलो, बाई." मग हसला, नेहमीसारखा, मोठ्याने. "पण बघ, दिव्यावरसुद्धा झालंच की! उगाच तोंड फुगवून बसायचीस. अडलं का काही उजेडावाचून?"

थोआने उदबत्तीची राख बोटाने टिपली. फोन तिच्या खिशात होता. तिने तो काढला नाही.

"वरचा पत्रा काढ, दादा."

"अं?"

"खोकी उचल आणि पत्रा काढ. तो उजेड माझा आहे."

"बरं, बरं, काढू. सण तर होऊ दे."

"आजच," ती म्हणाली. "उद्यापासून तीन दिवस, नशीब झाडलं जाईल म्हणून, घरात झाडू लावायचा नसतो."