गुणाची बाळंतीण

त्या घरी बाळ बघायला येणारा प्रत्येक जण निघताना एकच वाक्य बोलून जाई, "बाळंतीण किती गुणाची आहे हो! एका शब्दाने तक्रार नाही." सासूबाई दारात उभ्या राहून समाधानाने मान डोलवत.

आणि सून खरोखरच तक्रार करत नव्हती. समोर ठेवलेलं खात होती, बाळाला पाजत होती, दुपटी धुऊन वाळत घालत होती. कुणी विनोद केला की बाकीचे हसताना दिसले म्हणून आपणही हसत होती. 'कशी आहेस?' असं विचारलं की 'बरी आहे' म्हणत होती. वाचकहो, आपल्या भाषेत 'बरी आहे' इतकं स्वस्त उत्तर दुसरं नाही. देणाऱ्याला त्याची किंमत पडत नाही आणि विचारणारा कर्तव्य केल्याच्या आनंदात चहाकडे वळतो.

बाळंतपणाआधी ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिथे येणारी काही माणसं मोठी बेरकी असतात. एका डोळ्याने वाचलेली अक्षरं लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या डोळ्याने काही दिसत नसलं तरी तीच घडाघडा म्हणून दाखवायची. तिला ते लगेच कळायचं. ती काही न बोलता समोरचा तक्ता बदलायची आणि पठ्ठ्या गडबडायचा. आता ती स्वतः तशीच पाठ केलेली उत्तरं देत होती, पण घरात कुणाला तक्ता बदलायचं सुचत नव्हतं.

तिला दुःख होत होतं असंही नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तसं तिचं मन झालं होतं. आहे हे कळतं, पण आपलं वाटत नाही. बाळाला सगळे चिमणी म्हणत. चिमणी रडली की ती उठे, जे करायचं ते नीट करी, आणि पुन्हा खिडकीशी येऊन बसे. समोरच्या इमारतीचा जिना दिसे. लोक चढत, लोक उतरत. 'पोर पाहिली की माया आपोआप येते' असं सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणून ती वाट पाहत होती. आता डोक्यात एकच प्रश्न उरला होता. आपल्यात आईपण नाहीच, हे कुणाला कळलं तर?

तिचा नवरा लोकांना गाडी शिकवायचा. माणूस मनाने चांगला. दिवसभर घाबरट शिकाऊंच्या शेजारी बसून 'काही होत नाही, सावकाश, सावकाश' म्हणत त्याच्या अंगी गाढवालाही पुरून उरेल एवढी सहनशक्ती आली होती. संध्याकाळी तो चिमणीला उचलून घेई, पापे घेई आणि तिला पाठीवर थोपटता थोपटता स्वतःच झोपून जाई. रस्त्यावर तीन-तीन आरशांत लक्ष ठेवणारा हा गडी घरात शिरला की एकाही आरशात बघत नसे!

एके दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांच्या गोळ्या संपल्यात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणतेस का? चिमणीलाही घेऊन जा, तेवढेच तुझेही पाय मोकळे होतील."

ती बाबागाडी घेऊन गेली. मेडिकलच्या दाराशी गर्दी होती, म्हणून तिने गाडी आत वजनकाट्याजवळ लावली. गोळ्या घेतल्या, सुटे पैसे घेतले, घरी आली. गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

"चिमणी झोपली का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

ती आधणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुकानात राहिली."

छत्री राहिली असं सांगावं, तशी.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, पायांत चपला न घालता रस्त्याने पळत सुटल्या. सुनेने गॅस बंद केला, दाराला कडी घातली आणि त्यांच्या मागून चालत गेली. पळायला हवं हे तिला कळत होतं. पाय मात्र चालतच होते.

मेडिकलवाल्या ताई चिमणीला खांद्यावर टाकून एका हाताने गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होत्या. चिमणी त्यांच्या पांढऱ्या कोटाची कॉलर चोखत मजेत होती. सासूबाईंनी तिला ओढूनच घेतलं आणि छातीशी धरलं. मग त्या सुनेवर बरसल्या. "पोटची पोर विसरतं का कुणी? लोक काय म्हणतील? शोभतं का हे?"

ताईंनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. काउंटरमागचं स्टूल ओढून सुनेला म्हणाल्या, "बस." ती बसली.

"पोर इथे राहिली हे आठवलं, तेव्हा काय वाटलं तुला?"

हा तक्ता नवा होता. याचं उत्तर तिने पाठ केलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच वाटलं नाही. खूप दिवस झाले, मला काहीच वाटत नाही. तिला नीट सांभाळते मी, पण ती कुणाची तरी ठेवायला दिलेली वस्तू असल्यासारखी. ताई, मी आई झालेच नाहीये."

सासूबाईंचा चिमणीला थोपटणारा हात थांबला.

"दमलीस म्हणून असं होतंय की हे आजारपण आहे, ते डॉक्टर सांगतील," ताई म्हणाल्या. "आजच दाखवायचं, उद्यावर टाकायचं नाही. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचं असं होतं आणि उपचाराने त्या बऱ्या होतात. पण घरात एकटीने खिडकीशी बसून हे जाणार नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी आया जमतात. पोटात असलेल्यांच्याही, मांडीवर असलेल्यांच्याही. थोडा व्यायाम करतात, बाळाचं अंग कसं चोळायचं ते शिकतात, पाजायला त्रास होत असेल तर नर्सबाई येऊन बघतात. उरलेला वेळ नुसत्या गप्पा. सूचना तर माझ्या दारावरच लावली होती की!"

त्या सूचना दाखवायला दाराशी गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दाराच्या काचेवर एक मोठी पिवळी जाहिरात होती, 'भीती सोडा, स्टेअरिंग धरा!' खाली सुनेच्या नवऱ्याचं नाव आणि फोन नंबर. आयांच्या सूचनेचा निळा कोपरा तेवढा तिच्याखालून डोकावत होता.

ताई या घराला ओळखत होत्या. त्यांनी त्याच नंबरवर फोन लावला.

तो शिकवणीची गाडी घेऊन तसाच आला. झालेली हकीकत ऐकून त्याचा चेहरा उतरला. बायकोकडे बघून म्हणाला, "अगं, मला सांगायचंस ना!"

"तिनेच कशाला सांगायचं? तुम्हाला विचारता येत नव्हतं?" ताई म्हणाल्या. सासूबाई मध्येच बोलल्या, "हे बघा, डॉक्टरचं ठीक आहे. पण चार बायकांत जाऊन घरचं चव्हाट्यावर मांडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या वेळी कुठे होती असली मंडळं? आम्ही नाही का पोरं वाढवली?"

ताई नवऱ्याकडे वळल्या. "काय हो, शिकायला आलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी गाडी देऊन तुम्ही घरी जाता का?"

"छे! भलतंच काय? मी शेजारी असतो."

"नुसते बसता?"

"पायाखाली दुसरा ब्रेक असतो माझ्या. गाडीवर शिकाऊचा बोर्ड असतो. लोक बघून जरा सांभाळून घेतात."

"आणि तरी तो गडबडला तर तुम्ही म्हणता का, की सगळं जग गाडी चालवतं, तुलाच काय धाड भरलीय?"

तो सरळ दाराशी गेला आणि नखाने स्वतःची पिवळी जाहिरात खरवडून काढू लागला. ती चांगली चिकटली होती. त्याने ती स्वतःच चिकटवली होती ना!

आता ताई सासूबाईंना म्हणाल्या, "आई, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. खरं आहे. पण मग आईने कुणाकडे रडायचं, ते काही कुणी सांगून ठेवलं नाही. तुम्ही कुणाकडे रडलात?"

सासूबाई चिमणीचं टोपडं नीट करू लागल्या. ते नीटच होतं.

त्याच दुपारी डॉक्टरकडे जाणं झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध लिहून दिलं, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं आणि वर बजावलं, हिला एकटी ठेवू नका आणि झोप मिळू द्या. नवऱ्याने सकाळच्या शिकवण्या उशिरा सुरू करायचं ठरवलं. आणि मंगळवारी ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेली. सासूबाईही गेल्या. 'नक्की काय चालतं तिथे, बघून तरी येते' असं त्यांनी जाहीर केलं होतं.

पहिल्या मंगळवारी काही चमत्कार झाला नाही. सतरंजीवर बाळं पडली होती, खुर्च्यांवर आया बसल्या होत्या आणि एक जण चहाचे कप भरत होती. सुनेने इतरांसारखे हात वर केले, खाली केले, चहा प्यायली आणि घरी आली. दुसऱ्या मंगळवारी एक बँकवाली बिनदिक्कत म्हणाली, "खरं सांगू का? मला सध्या माझ्या बाळापेक्षा माझी उशी जास्त आवडते!" सगळ्या खो-खो हसल्या. सुनेला हसू आलं नाही, पण तिने मान वर करून त्या बाईकडे नीट पाहिलं. असं मोठ्याने बोलता येतं, हे तिला माहीत नव्हतं.

त्याच्या पुढच्या खेपेला एक शिंपीण आली होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. ती सासूबाईंच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "आजी, मला फार भीती वाटते हो. तुम्हाला तर सगळं आपोआप जमलं असेल ना?"

सासूबाईंनी सवयीने सुरुवात केली, "आमच्या वेळी..." आणि त्या थांबल्या.

त्या पुढे बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "माझा मुलगा झाला ना, तेव्हा मी त्याला शेजारणीकडे द्यायचे आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तो झालाच कशाला, असं वाटायचं. शेजारीण विचारायची, किती वेळ लागतो गं तुला अंघोळीला? तीस वर्षं होऊन गेली. आजवर कुणालाही सांगितलं नाही मी."

मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तुला बघून मला कळलं होतं गं. दवाखान्यातून घरी आलीस, त्याच आठवड्यात. तुझे डोळे बघून मी ओळखलं होतं. आणि आल्यागेल्याला सांगत सुटले, आमची बाळंतीण किती गुणाची!"

सुनेच्या छातीत काहीतरी पेटलं. तो राग होता. इतक्या दिवसांनी तिला पहिल्यांदा जे वाटलं, तो राग होता!

"कळलं होतं?" ती ओरडली. "कळलं होतं आणि तुम्ही बोलला नाहीत? मी रोज मरत होते, आई!"

चिमणी दचकून रडू लागली. आणि तिचं ते रडणं सुनेला आरपार ऐकू आलं. तिने पोरीला उचललं, घट्ट धरलं आणि तिच्या टाळूवर तोंड टेकून स्वतःही रडू लागली. सासूबाई उठून तिच्यापाशी आल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं माझं." त्यांनी डोक्यावर ठेवलेला हात सुनेने झटकला नाही.

ती त्या दिवशी पूर्ण बरी झाली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. औषध पुढे कित्येक महिने चालू राहिलं. अधूनमधून खिडकीशी बसून जिना बघण्याचे दिवसही आले. पण तशा दिवशी ती सासूबाईंना सांगू लागली, आणि त्या हातातलं काम टाकून शेजारी बसू लागल्या.

मंडळी, बाळाचं कौतुक जरूर करा, पण आईच्या गप्प राहण्याला सद्गुण समजू नका. तुमच्या भागात अशा आया कुठे जमतात, ते शोधून ठेवा. वाचनालयात विचारा, दवाखान्यात विचारा, मेडिकलमध्ये विचारा आणि जिला गरज आहे तिला हाताला धरून घेऊन जा. कुठे जमतच नसतील, तर एक खोली आणि थोड्या खुर्च्या यापलीकडे लागतं काय? फक्त त्यातल्या पहिल्या खुर्चीवर अशी बाई बसू दे, जिची मुलं केव्हाच मोठी झाली आहेत आणि जिला सगळं आठवतं. तिने आधी बोलावं. थोरल्या गप्प राहतात, म्हणून धाकट्यांना वाटतं की हे जगात आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय.