शाळेच्या दाखल्यावरची आई

नवघरला आमच्या चाळीसमोर तेव्हा मिठागरं होती. उन्हात डोळे दिपायचे. आता तिथे टॉवर आहेत. मला सगळं लख्ख आठवतं, आणि नको ते जास्तच.

शेजारच्या खोलीतली विमल २००४ साली काविळीने गेली. नवरा आधीच परागंदा. मागे दोन मुली, आठ वर्षांची आरोही आणि चार वर्षांची मनाली. दोघी माझ्याकडेच जेवायच्या, झोपायच्या.

आरोहीला शाळेत घालायला गेले, तर आई-बापाचे कागद हवेत म्हणाले. रेशनकार्डाची कामं करणाऱ्या बबनने वाट काढली. "आजी, सुनेचं नाव आहे ना कार्डावर? पोरगी तिचीच दाखवू. कोण बघतंय?"

सून सुचेता पुण्याला. कार्डावर आरोही तिची मुलगी झाली, शाळेतही. मनाली लहान, तिचं नाव कशाला चढवायचं, म्हटलं.

रोज वेणी घालताना मी आरोहीला विचारायचे, "आईचं नाव काय सांगायचं?"

"सुचेता."

"आणि विमल सांगितलंस तर?"

"शाळेतून काढतील."

वर्षभराने कुणीतरी वर कळवलं, नवघरला एक पोरकी मुलगी आहे. एकच. कागदावर एकच उरली होती ना! बाल कल्याण समितीचं बोलावणं आलं. मी दोघींना घेऊन ठाण्याला गेले. माझं मागणं एवढंच होतं, की माझ्याकडे ठेवा, नाहीतर दोघींना एका जागी पाठवा. तोडू नका.

समितीच्या मॅडम भल्या होत्या. "सख्ख्या बहिणी असतील तर नाही तोडणार, आजी. पण पुरावा?"

मनाली घरीच जन्मलेली, कागद कुठला?

"मग मुलीलाच विचारते. बाळ, आईचं नाव काय तुझ्या?"

आरोहीने माझ्याकडे पाहिलं. मी 'सांग' म्हणून मान हलवली. आज खरं सांग, हे तिला बसमध्येच सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही.

"सुचेता," ती खणखणीत म्हणाली.

"मॅडम, ते मी शिकवलंय! दाखला खोटा आहे, कार्ड खोटं आहे, मीच केलं सगळं!"

"तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

मी हात जोडले, त्यांच्या टेबलाला कपाळ टेकलं. शिपाई मला उठवायला आला. आरोही कागदांप्रमाणे माझी नात, ती माझ्याबरोबर घरी. मनाली सहा वर्षांखालची, ती शिशुगृहात. लिहूनही झालं.

एका बाईने मनालीला उचललं. तिने आरोहीचा फ्रॉक मुठीत घट्ट धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. तेव्हा आरोही किंचाळली, "विमल! माझी पण आई विमलच! शाळेतून काढा मला, ही माझी बहीण आहे!"

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आजी, लेकरांना असं पढवू नये हो."