फेल कोण गेलं?

रडत नाही ते पोर सगळ्यांचं लाडकं. घरात, शाळेत हे खरं आहेच, पण दवाखान्यात तर विचारूच नका. सुई टोचली तरी हूं की चूं नाही, कडू औषध डोळे मिटून गिळलं, की आपण मोठी माणसं खूश! 'किती गुणी आहे गं बाळ' म्हणायचं, गालाला हात लावायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. ते पोर गप्प का आहे, हे विचारायला सवड आहे कुणाला?

आपल्या गोष्टीतल्या डॉक्टरीणबाईंनाही नव्हती. बाई वाईट होत्या म्हणाल तर मुळीच नाही. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं. दिवसभर वॉर्ड सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात नव्या औषधांवर संशोधन करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या हाताला गुण आहे, असं आईबाप एकमेकांना सांगत. बाई वरवर 'छे, छे' करायच्या, पण आतून सुखावायच्या. त्यात काय चुकलं? माणूसच ना त्या.

त्यांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक शाळकरी मुलगी होती. रक्ताचा कॅन्सर. आईच्या पदरात तान्हं बाळ आणि बाप सकाळ-संध्याकाळ येऊन जाऊन, म्हणून मुलीजवळ तिची आत्या राहायची. आत्या शाळेत शिक्षिका, रजा काढून आलेली. मुलीचं खरं नाव वॉर्डातले लोक केव्हाच विसरले होते. सगळे तिला 'टकळी' म्हणायचे, कारण तिचं तोंड म्हणून मिटत नसे. सलाईनची बाटली उलटीच का टांगतात? डॉक्टर आजारी पडले तर त्यांना सुई कोण टोचतं? केस गेले, आता माझा कंगवा मी कुणाला देऊ? आणि सुई दिसली रे दिसली की असा टाहो फोडायची, की खालच्या मजल्यावरची माणसं मान वर करून बघत.

पहिल्या औषधांचा टप्पा संपला, हाडातल्या मगजाची तपासणी झाली. आजार हटला नव्हता. बाईंनी आईवडिलांना आणि आत्याला वेगळं बसवून सगळं समजावलं. नवं औषध आहे, ते आम्ही अजून तपासून पाहतो आहोत, धोके असे असे आहेत. त्यांनी होकार दिला. इथवर सगळं रीतसर झालं.

मग सकाळच्या फेरीत बाई टकळीच्या खाटेपाशी थांबल्या, शिकाऊ डॉक्टरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ही पहिल्या औषधाला फेल गेली. आता हिला आपल्या अभ्यासात घेऊ." दोन वाक्यं. डॉक्टरांच्या बोलीतली, अगदी रोजची. बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्यासुद्धा.

त्या दिवसापासून टकळी बंद पडली. सुईला हात आपण होऊन पुढे करू लागली. औषध मागून घेऊ लागली. नर्स म्हणाल्या, पोर समजूतदार झालं. बापाला भरून आलं. आत्यानेही सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. बाई रोज विचारायच्या, कसं वाटतंय? छान. कुठे दुखतंय का? नाही. "गुणी गं माझी सोनी," असं म्हणून बाई पुढे सरकायच्या. संशोधनाच्या बैठकीत तर त्यांनी सहकाऱ्यांना ठासून सांगितलं, की नवं औषध मुलं सहज सोसतात, तक्रार म्हणून नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि एका दुपारी आत्या तिचं तोंड पुसायला गेली, तर कपाळ तापलेलं आणि हातपाय थंडगार. पोटाला नुसता हात लागला तशी पोरगी कळवळली. बाई धावत आल्या. औषधाने अंगातली प्रतिकाराची ताकद गेलेली, त्यात आतड्याला जंतूंनी गाठलं होतं. हे दुखणं आजचं नव्हतं. ताप नुकता चढला असेल, पण पोट दोन-तीन दिवस तरी दुखत असणार. वेळेवर कळलं असतं तर? बाईंच्या मनात तेवढं एकच घोळत राहिलं. टकळीला अतिदक्षता विभागात हलवलं. ती वाचेल की नाही, हे छातीठोकपणे सांगायची सोय उरली नव्हती.

बाहेरच्या बाकावर आत्या बसली होती. बाई तिच्याजवळ आल्या, आणि खरं सांगायचं तर भीतीपोटी त्यांचा आवाज चढला. एवढं दुखत होतं तर ही बोलली का नाही? तुम्ही तर सतत जवळ होतात ना?

आत्याने मान वर केली. "आत नेताना तिने मला विचारलं, डॉक्टर. 'आत्या, दुखतंय म्हटलं तर मला परत फेल करतील का?'"

बाईंना आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि त्या आत्याशेजारी बाकावर बसल्या. त्या पुटपुटल्या, की तो आमच्या आमच्यातला शब्द आहे, तिला उद्देशून नव्हता.

"उशाशी उभं राहून बोललेला शब्द आमचा-तुमचा राहत नाही," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बाईंना परवडलं असतं. "तुम्ही म्हणालात ही फेल गेली, आता अभ्यासात घेऊ. तिला वाटलं, आपण नापास झालो, आता अभ्यास करायचा. सुईला रडलं की गुण गेले, दुखतंय म्हटलं की गुण गेले. वर तुम्ही रोज तिला गुणी म्हणत होतात. मीही म्हणत होते. मी शाळेतली बाई, मला तरी कळायला हवं होतं."

बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला.

"एक विचारू, डॉक्टर? आपण घरात काय म्हणतो? औषधाला गुण आला. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. रोग्याला गुण आले, असं कधी कुणी म्हणतं का? मग गुण आला नाही, तर फेल कोण गेलं?"

औषध! औषध फेल गेलं होतं, आणि ते देणारे हात! ती पोर नव्हे! तिने तर रडत का होईना, दिलेलं सगळं गिळलं होतं, मागितलेलं सगळं रक्त दिलं होतं. आणि निकाल मात्र तिच्या माथी मारला गेला.

बाई उठून हात धुवायच्या मोरीपाशी गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. किती खाटांपाशी आपण हा शब्द बोललो? आपल्या संशोधनात 'फेल गेलेले रुग्ण' असा रकानाच होता, आणि त्यात बसवलेली मुलं आपण बोलत असताना टकामका आपल्याकडे बघत असायची. त्यातली काही आता या जगात नव्हती. आपणच कुठेतरी कमी पडलो, असं समजून गेली असतील का ती? त्यांना आता कोण सांगणार, की बाळांनो, तुमचं काही चुकलं नव्हतं? बाईंना रडू आवरेना. हाताला गुण आहे म्हणे! त्या हातांकडे त्यांना बघवेना.

पुढचे काही दिवस बाई त्या खाटेपासून फारशा हलल्या नाहीत. हळूहळू ताप उतरला, नाडी सुधारली. टकळीने नीट डोळे उघडले, तेव्हा बाई खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांसमोर बसल्या. यावेळी कुणा शिकाऊ डॉक्टराकडे वळून नाही, तिच्याशीच बोलल्या.

"तू फेल गेली नव्हतीस, बाळा. आम्ही दिलेलं औषध फेल गेलं होतं. आणि ते मी उलटं बोलले. माझं चुकलं."

मोठं माणूस आपल्याला 'माझं चुकलं' म्हणतंय, यावर टकळीचा विश्वास बसत नसावा. मग बारीक आवाजात तिने विचारलं, "मग औषधाला रागावलात का, डॉक्टरमावशी?"

"रागावले तर! हाकलून दिलं त्याला."

पुढच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, की नव्या औषधाबद्दल मागे सांगितलं ते चूक होतं. मुलांना त्रास होतो, आपण तो ऐकला नाही. गप्प बसणाऱ्या मुलाला आपण बरं वाटणारं मूल समजलो. यापुढे या वॉर्डात मूल फेल जाणार नाही, जाईल ते औषध. एकदोघे हसले, शब्दाने काय होतं म्हणाले. बाईंनी त्यांना टकळीची हकीकत सांगितली, आणि मग कुणी हसलं नाही.

नव्या औषधाला गुण येतो की नाही, ते अजून कळायचं आहे. गोष्ट सांगणाऱ्याने खोटं कशाला सांगावं? पण मंडळी, एवढं आपल्या हातात आहे. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून त्याच्याविषयी बोलू नका, त्याच्याशी बोला. आजाराचा दोष आजाऱ्यावर टाकू नका. आणि सोसणाऱ्याला शाबासकी देण्याआधी, त्याला 'दुखतंय' म्हणायला जागा ठेवली आहे का, हे एकदा स्वतःला विचारा.

त्या दिवशी खुर्चीतून उठण्याआधी बाईंनी टकळीला विचारलं होतं, कुठे दुखतंय का गं? पोरीने सवयीने मान हलवली. बाई उठल्या नाहीत, थांबल्या. टकळीने आत्याकडे बघितलं, परत बाईंकडे बघितलं आणि गळा काढला, "दुखतंय! खूप दुखतंय!"

बाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्या म्हणाल्या, "सांग, सगळं सांग. मला काही घाई नाही."